चार नंबरची बराक

२१ जून १९९८

तांब्याच्या तारेच्या एजंटानं ही डायरी जानेवारीतच दिली होती. अर्धं वर्ष कोरी पडून राहिली. आज सुरुवात करतो. पुढं कुणी वाचलीच तर लिहिणारा कोण ते कळावं, म्हणून आधी माझ्या हातानं केलेल्या वस्तू लिहून ठेवतो.

विजेच्या मोटारीचं वायंडिंग करायचं यंत्र, सायकलच्या चाकाचं, फेरे मोजणाऱ्या काट्यासकट. पुंडलिकनगरातल्या या घराच्या सगळ्या चौकटी आणि खिडक्या. पावसाळ्यात यातली एकही खिडकी फुगून अडकलेली नाही. शेजारच्या रामकिसनच्या दर वर्षी अडकतात, त्यानं मिस्त्री लावला होता. मुलीचा पाळणा, जो आता तिच्या पोरासाठी जालन्याला गेला आहे. माझ्या बायकोचं, द्वारकेचं, शेवयांचं यंत्र. आणि तात्यांसाठी दोन गोष्टी. पलंगापासून न्हाणीपर्यंत भिंतीला लावलेली दोरी, वळणाच्या आधी एक गाठ, पायरीच्या आधी दोन. आणि गोळ्यांची डबी, सकाळच्या कप्प्यावर एक खाच, रात्रीच्या कप्प्यावर दोन. रामकिसनच्या आईनं तसलीच डबी मागितली आहे.

यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. सातवीनंतर शाळा सुटली. मुकुंदवाडी स्टेशनामागचं वायंडिंगचं दुकान मी बघून बघून आणि मोटारी जाळून जाळून उभं केलं. माझा मीच शिकलो. हे बढाई म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो.

तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते, पुंजाराम औताडे, वय चौऱ्याहत्तर. मी चार वर्षांचा असताना वडील गेले. तेव्हापासून तात्यांनीच मला वाढवलं, त्यापायी लग्न केलं नाही. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले.

आज डायरी उघडायला कारण घडलं. खडकमाळाच्या स्मारक समितीचे अनंतराव घरी आले होते. इंजिनिअर होते, आता निवृत्त आहेत. माणूस नम्र. खडकमाळावर इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात इटालियन कैद्यांसाठी छावणी बांधली होती. ते गेल्यावर निजाम सरकारनं तिथं आपले सत्याग्रही कोंडले. तात्या त्यात अकरा महिने होते, पोलीस ॲक्शन झाली तेव्हा सुटले. येत्या सतरा सप्टेंबरला पन्नास वर्षं होतात. हयात असलेल्या कैद्यांचा सत्कार करायचा आहे.

तात्या म्हणाले, "आंधळ्याला काय दाखवनार तुमी?"

"दाखवायचं नाही, तुमचा मान करायचा आहे."

"म्हंजे शाल. शाल हाय घरी."

अनंतराव चहा पिऊन गेले. मी द्वारकेला म्हणालो, डोळ्यांमुळं नको म्हणतात. ती म्हणाली, "स्मारक होऊन पंचवीस वर्षं झाली. तेव्हा तर डोळे होते त्यांना. शहरापासून दोन कोसांवर आहे, गेले का कधी?"

गेले नव्हते, हे खरं. पण मुद्दा डोळ्यांचाच असणार. डोळ्यांना दाखवता येत नसेल तर बोटांना दाखवता येईल. छावणीची हुबेहूब प्रतिकृती करायची. हात फिरवला की छावणी कळली पाहिजे. मग येतील.

२८ जून

रामकिसनच्या रिक्षातून खडकमाळाला गेलो. टेप, ओळंबा, वही बरोबर नेली. रखवालदाराला वाटलं मी सरकारी मोजणीवाला.

आठ बराकी होत्या. सातांची फक्त जोती उरली आहेत, चार नंबरची उभी आहे, तिची डागडुजी करून ठेवली आहे. तात्या तिच्यातच होते. आठही एका मापाच्या, साठ फूट लांब, अठरा रुंद. प्रत्येक जोतं दोनदा मोजलं. रामकिसन टेपचं दुसरं टोक धरून होता. म्हणाला, "बद्रीनाथभाऊ, जोतं काय दुसऱ्यांदा वाढणारंय का?" मोजणं म्हणजे काय हे त्याला कळत नाही. म्हणून त्याच्या खिडक्या अडकतात.

माप ठरवलं: चार फुटांना एक इंच. बराक पंधरा इंचांची.

१२ जुलै

भिंती सागाच्या पट्ट्यांच्या. छपराला पन्हळी पत्रा होता, तसा बाजारात मिळत नाही. तेलाच्या डब्याचा पत्रा आटे पाडलेल्या दोन सळयांमधून दाबून काढला. तीन डबे वाया गेले, चौथ्याला साधलं. बोट फिरवलं की पन्हळ न् पन्हळ लागते.

काटेरी तार वायंडिंगच्या तारेची केली. तिच्यावरचा एनॅमलचा थर जाळून काढला, दोन पदर पिळले आणि दर अर्ध्या इंचाला काटा बांधला. दुकानात दोन गिऱ्हाइकांच्या मोटारी पडून आहेत. एकानं विचारलं, काय चाललंय. सांगितलं, तुरुंग बांधतोय. तो मोटार घेऊन गेला.

१९ जुलै

आज प्रतिकृती तात्यांच्या पुढ्यात ठेवली. चार बाय सहाचा पाट आहे. दारातून आत येईना म्हणून दाराची एक फळी काढावी लागली. (दार मीच केलेलं आहे, त्यामुळं फळी सुटी निघते.)

तात्यांनी आधी दोन्ही हात मांडीला पुसले. मग कडेकडेनं बोटं सरकवत आले आणि तारेला लागले.

"टोचतंय."

"काढू का काटे?"

"नगं. बरोबर हाय."

मग फाटक, जमादाराची खोली, एक नंबर, दोन नंबर. प्रत्येकाला, "व्हय, व्हय." मला आनंद झाला, लपवत नाही. मग चार नंबरवर हात आला. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं नेली, परत आणली, परत नेली.

"ही आखूड झाली."

मी म्हणालो, "साठ फूट आहे, तात्या. दोनदा मोजलीय."

"असंल. पन आखूड झाली." त्यांनी बराकीच्या टोकाला अंगठा टेकवला आणि हात पुढं ताणला. "एवढी पायजे अजून."

त्यांची वीत मी मोजली. आठ इंच. म्हणजे बत्तीस फूट जादा. बराक ब्याण्णव फुटांची होते.

२ ऑगस्ट

पंधरा दिवस तोच वाद. मी विचारलं, तीन नंबरची कशी आहे? म्हणे बरोबर. पाच नंबरची? बरोबर. "आठ बराकी एका साच्यातल्या, तात्या. त्यात एकच आखूड कशी होईल?"

"ते तू बघ. तू कारागीर."

वय झालं की माणूस हटून बसतो असं वाचलं होतं. तात्या आधी असे नव्हते. शेताच्या बांधावरून कधी भांडले नाहीत, आणि आता लाकडाच्या आठ इंचांवरून जेवताना तोंड फिरवून बसतात. द्वारका दोघांना वाढते आणि म्हणते, "आज कुणाशी अबोला आहे, ते आधी सांगा. त्याप्रमाणं मीठ कमी घालते."

९ ऑगस्ट

आज तात्यांनी आपणहून पाट मागितला. चार नंबरच्या दारापाशी बोट फिरवत विचारलं, "नळ कुठंय?"

जागेवर नळ नाही. जे जागेवर नाही ते मी केलेलं नाही. तसं सांगितलं.

"व्हता. दाराच्या भायेर, ह्या अंगाला. अन् श्रीनिवास त्या टोकाला, शेवटच्या खिडकीखाली."

श्रीनिवास चौसाळकर हे नाव आजवर त्यांच्या तोंडून मी दोनदाच ऐकलं होतं. शहागंजातल्या एका वकिलाच्या कारकुनाचा मुलगा, तात्यांच्याच वयाचा. आज तात्या बराच वेळ बोलले. ऐकलं तसं लिहितो.

चैत्रात सगळ्या बराकींनी थाळ्या वाजवून घोषणा दिल्या. "पहिली थाळी त्यानंच वाजवली. एवढासा जीव, पन आवाज लई." जमादारानं शिक्षा म्हणून थाळ्या, लोटे, मडकी, सगळी भांडी काढून नेली. भाकरी हातावर मिळायची. पाणी नळाला तोंड लावून प्यायचं. वैशाखात श्रीनिवासला ताप आला. त्याला उठवेना. म्हणून तात्या ओंजळीत पाणी घेऊन बराकीच्या या टोकापासून त्या टोकाला जायचे.

मी विचारलं, "धोतराचा सोगा भिजवून का नाही नेला?"

"नेला की. दोन दिस पिळून पाजलं. मग म्हनला, पुंजा, तुझ्या धोतराचं पानी पिऊन मेलो तर सरगातबी वास येईल." तात्या हसले. मग हसू गेलं. "ओंजळीतलं पानी गळतं, बद्री. अर्ध्या बराकीतच हात हलके व्हायचे. लई लांब व्हती ती. त्याच्यापत्तुर काय पोचलंच नाय."

"मग?"

"मग काय. गेला तो."

मी नळ करून बसवला. पितळेचा, टाचणीच्या डोक्याएवढी तोटी. बसवताना तात्यांनी आणखी एक सांगितलं. श्रीनिवासनं त्यांना अक्षरं शिकवली. पाटी-पेन्सिल नव्हती, म्हणून तळहातावर बोटानं काढून. तात्या छावणीत गेले ते अंगठेबहाद्दर, आणि आले ते सही करत. हे मला माहीत नव्हतं. मलाही तात्यांनी लहानपणी तसंच शिकवलं होतं, घासलेट वाचावं म्हणून अंधारात, तळहातावर. कानशीसारखं खरखरीत बोट होतं त्यांचं. 'क्ष' काढला की गुदगुल्या व्हायच्या.

हे द्वारकेला सांगितलं तर ती हातातली परात खाली ठेवून म्हणाली, "आणि म्हणे माझा मीच शिकलो."

याचा इथं काय संबंध ते कळलं नाही. बराकीचा प्रश्न तसाच आहे.

२३ ऑगस्ट

काल पोळा झाला. आज भांडण.

मी म्हणालो, टेप खोटं बोलत नाही. आवाज चढला असेल. तात्या म्हणाले, "मंग म्या खोटं बोलतो?" मी तसं म्हणालो नव्हतो. त्यांनी पाटावरचा हात काढून घेतला आणि दोरी धरून आत गेले. एका गाठीला वळले, दोन गाठींना थांबले. मी केलेली दोरी धरून माझ्यावरच रुसून गेले.

३० ऑगस्ट

आठवडा झाला, पाटाला हात लावलेला नाही. द्वारकेनं त्यावर धुतलेली चादर पसरली. मी म्हणालो, काटे अडकतील. ती म्हणाली, "अडकू देत. कुणी तरी हात लावू दे त्याला."

वास्तविक काम पूर्ण आहे. दुकानासाठी कधीपासून घ्यायचा आहे तो शहागंजातला जुना लेथ बघायला आज जायचं होतं, वीस हजार सांगतात, पण गेलो नाही. विचार करत होतो की साठाचे ब्याण्णव का करावेत. मी चुकीची वस्तू आजवर केलेली नाही. घरातल्या माणसासाठी केली तर मग घराबाहेरच्यांनी माझ्या मापावर का विश्वास ठेवायचा?

६ सप्टेंबर

आज द्वारका तात्यांच्या पायाला तेल लावत होती. मी बाहेर ओट्यावर होतो. ऐकू आलं.

"तात्या, एक सांगू? तुमचा पुतण्या काय ऐकणारा नाही. सगळ्या गल्लीत सांगतोय, तात्यांना आता आठवत नाही म्हणून."

असं मी कुणालाही सांगितलेलं नाही.

"असं म्हनतो?"

"आणि कसं म्हणतो सांगू, टेप वाजवून."

मग तात्यांचा आवाज आला. "बद्री. ए बद्री. रामकिसनला सांग रिक्षा काढायला. चल, पायानं मोजून दावतो तुला."

मी आत गेलो. द्वारका खाली मान घालून तेल चोळत होती. तिला मी म्हणालो, खोटं का सांगितलंस? ती म्हणाली, "कधी?"

बाहेर पाऊस होता, म्हणून येत्या रविवारी न्यायचं ठरलं. पंचवीस वर्षं जे गेले नाहीत ते माझं माप चुकीचं ठरवायला निघाले आहेत. हरकत नाही. मापच त्यांना पटवेल.

१३ सप्टेंबर

आज सगळं क्रमानं लिहितो.

सकाळी तात्यांनी दाढी करून घेतली, कोट घातला. रिक्षात मधे बसले. रामकिसन वाटेत काय काय लागतं ते सांगत होता, आता बाजार, आता पूल. तात्या म्हणाले, "तू सांगू नगं. म्या ह्या रस्त्यानं बेड्या घालून आलो व्हतो."

स्मारकावर कुणी नव्हतं. मंडपाचे बांबू येऊन पडले होते. चार नंबरच्या दाराशी तात्यांनी चौकट चाचपली, उंबऱ्यावर पाय ठेवला आणि तिथंच थांबले. मी हात पुढं केला, त्यांनी घेतला नाही. डावा तळहात भिंतीला लावला आणि निघाले. मी मागून. ते मोजत नव्हते. पायांनी मोजून दाखवणार होते, पण ओठ हलत नव्हते.

भिंत संपली. हात कोपऱ्याला लागला.

"संपली?"

"संपली, तात्या."

"मधे भिंत घातली आसंल नव्यानं."

"नाही. जुनीच आहे. दगड जुना आहे."

त्यांनी कोपरा वरपासून खालपर्यंत चाचपला, मग शेवटची खिडकी, तिचे गज. मग खिडकीखाली बसले, पाय पसरून. शेवटी म्हणाले, "एवढीशीच व्हती व्हय." आणि मग, "तुझं बरोबर व्हतं, बद्री."

मी जिंकलो होतो. इतके दिवस ज्यासाठी भांडलो ते त्यांनी आपल्या तोंडानं मान्य केलं. पण बरं वाटेना. हिशेब जुळला तरी जुळल्यासारखा वाटत नसेल तर दुसऱ्या मापानं ताडून बघावं, हा माझा दुकानातलाही नियम आहे. माझा टेप फूट मोजतो. तात्या फूट मोजत नव्हते.

सत्काराच्या तयारीत दाराबाहेर बागेसाठी नवा नळ बसवला आहे, थोडा उजवीकडं, पण जवळपास तिथंच. ओंजळ भरून घेतली आणि आत आलो. बोटं घट्ट दाबून धरली होती. मी वायंडिंग करणारा माणूस, केसाएवढी फट मला बोटांना कळते. तरी पहिल्या खिडकीपाशीच करंगळीखालून धार लागली. भरभर चाललो तर वरून सांडायला लागलं. सावकाश चाललो तर खालून. मधेच थांबून बोटं नीट करावी म्हटलं तर त्यातच आणखी गेलं. अर्ध्यात आलो तेव्हा तात्या दिसत होते, आणि जवळ येत नव्हते. साठ फूट मी दोनदा मोजले आहेत. हे साठ फूट नव्हते.

पहिल्या खेपेला तळाशी ओल उरली. परत गेलो. दुसऱ्या खेपेला हात पोटाशी धरून, कमरेत वाकून, पाय न उचलता घासत आलो. सदरा भिजला. रामकिसन दारात उभा होता. तो काही बोलला नाही, हे नोंद करण्यासारखं आहे.

तात्यांनी मान वर केली. "काय करतोस रं?"

"मोजतोय."

"पानी हाय हातात?"

"आहे थोडं."

त्यांनी तोंड पुढं केलं. मी गुडघ्यावर बसलो आणि ओंजळ त्यांच्या ओठाला लावली. ते प्याले. एक घोट भरला, फार तर दीड. हनुवटीवरून ओघळलेलं त्यांनी पुसलं नाही. माझ्या दोन्ही हातांना धरून बसले. बोटं अजून तशीच खरखरीत आहेत.

मग म्हणाले, "पोचलं की."

मी म्हणालो, "हो, पोचलं."

"घोटभर तरी पोचतंच मंग."

"पोचतं, तात्या. मी आत्ता आणलं."

ते पुन्हा पुन्हा मान हलवत राहिले. "मंग त्यालाबी पोचलं आसंल. एखांदा घोट." मी हो म्हणालो. दोन खेपांवरून तसा निष्कर्ष काढता येत नाही, निदान दहा घ्यायला हव्या होत्या. पण हो म्हणालो.

निघताना स्तंभाजवळ नेलं. काळ्या दगडात नावं कोरली आहेत, पाव इंच खोल, काम मध्यम. मी त्यांचं बोट ओळीवर ठेवून दिलं. श्रीनिवास चौसाळकर. त्यांनी ते अक्षर अक्षर वाचलं, दोनदा. पहिल्या अक्षरावर परत आले.

"ह्यो 'श्री' कुनी काढला?"

"पाथरवटानं."

"गाठ नीट वळली नाय. त्यानं छडी मारली असती."

रिक्षात बसल्यावर म्हणाले, भूक लागली. रामकिसननं भजी आणली. तात्यांनी माझ्यातलीही खाल्ली.

१५ सप्टेंबर

दोन दिवस दुकान बंद. काम केलं ते लिहितो.

चार नंबरची बराक पाटावरून सोडवली. आठ इंच वाढवली. छपराला नवा पत्रा काढला, जोड दिसत नाही आणि बोटालाही लागत नाही. बराक वाढल्यामुळं तारेच्या बाहेर जायला लागली, म्हणून त्या अंगाची सगळी तार उपसून पुढं सरकवली. पाट पुरेना, त्याला फळी जोडली. आता दाराची एक फळी काढून भागत नाही, दोन काढाव्या लागतात.

द्वारका कमरेवर हात ठेवून बघत होती. "साठाचे ब्याण्णव केले?"

"सागाची पट्टी उरली होती. वाया कशाला घालवायची?"

"बरं," ती म्हणाली, आणि चहा करायला गेली. त्या चहात आलं होतं. एरवी मागून मिळत नाही.

तात्यांनी संध्याकाळी हात फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं नेली. टोकाला अंगठा टेकवला, वीत ताणायला गेले, आणि थांबले.

"आरं, मापात तर बसत व्हती. म्याच हरलो व्हतो ना?"

"लाकूड उरलं होतं, तात्या."

"व्हय का," ते म्हणाले. "लाकूड उरलं व्हतं." आणि नळापासून खिडकीपर्यंत दोन बोटं चालवत नेली, सावकाश, माणसाच्या पायांसारखी.

१७ सप्टेंबर

तात्या सत्काराला आले. कुणी आग्रह केला नाही, सकाळी स्वतःच विचारलं, कोट कुठंय. मंचावर चौघे होते, त्यांत सगळ्यात ताठ तेच बसले. शाल मिळाली ती खाली उतरल्याबरोबर द्वारकेच्या खांद्यावर टाकली. "घे सूनबाई. मला हाय घरी."

प्रतिकृती बराकीत टेबलावर मांडली होती. मी शेजारी पाटी ठेवली: हात लावून बघावे. शाळांची पोरं आली होती, त्यांना एवढंच पाहिजे होतं. काट्यावर बोट टोचून घ्यायला रांग लागली. तात्या खुर्चीवर बसून पोरांची बोटं धरून चार नंबरच्या नळावर ठेवत होते आणि सांगत होते, हितून निघायचं, अन् थितं जायचं, पानी सांडू द्यायचं नाय. एका पोरीनं विचारलं, "आजोबा, ही एवढी लांब का?" तात्या म्हणाले, "लांबच व्हती."

अनंतराव दोनदा फेरी मारून गेले. तिसऱ्यांदा चष्मा काढून वाकून बघितलं. म्हणाले, "औताडे, काम अप्रतिम आहे. पण चार नंबर प्रमाणात नाही. आपण तिच्यातच उभे आहोत, लोक ताडून बघतील."

मी म्हणालो, माहीत आहे.

"चूक राहिली?"

मी पन्नास वर्षांचा होत आलो, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही. मी म्हणालो, "नाही."

४ ऑक्टोबर

अनंतराव आज परत आले. सरळ माणूस आहे, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. समितीला प्रतिकृती कायमची हवी आहे. काचेच्या पेटीत ठेवणार, खाली माझं नाव पितळी पट्टीवर. अटी दोन. वरून काच राहील, हात लावता येणार नाही. आणि चार नंबरची बराक मूळ मापात करून द्यायची, तेवढं झालं की रक्कम रोख. आठ इंच कापायचे, तासाभराचं काम आहे, हे त्यांनाही दिसत होतं आणि मलाही.

द्वारका दारात उभी होती. तिला लेथचं माहीत आहे. तिनं माझ्याकडं बघितलं आणि आत गेली.

तात्या पलंगावर होते, पाट त्यांच्या शेजारी दोन स्टुलांवर. त्यांना ऐकू गेलं असणार. त्यांचा हात बराकीवर होता आणि हलत नव्हता.

मी अनंतरावांना सांगितलं, शाळांना दाखवायची असेल तेव्हा न्या, मी स्वतः आणून देतो, नेऊन ठेवतो. हात लावू द्या. पण द्यायची नाही, आणि कापायची नाही.

ते म्हणाले, "कारण काय सांगू समितीला?"

मी म्हणालो, बराकीचं माप बरोबर आहे, असं सांगा.

ते गेल्यावर तात्या म्हणाले, "बद्री, किती देत व्हते रं?"

मी म्हणालो, विचारलं नाही. विचारलं होतं. एकवीस हजार रुपये.